बहात्तरची नदी आणि आमची काहील

आमच्या जलदर्शन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मागून एक नदी वाहते, असं संस्थेच्या छापील पत्रकात लिहिलेलं आहे. ते पत्रक सचिव या नात्यानं मीच लिहिलं, त्यामुळं त्यात खरं किती आणि उत्साह किती हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नदी मागून आहे, एवढं खरं. वाहते म्हणणं जरा धाडसाचं.

या नदीचा वरचा अर्धा भाग देवानं केला आणि खालचा अर्धा सरकारच्या टंचाई शाखेनं. डोंगराकडून चिंचेच्या झाडापर्यंत एक ओढा येतो, वाकडातिकडा, मनाला येईल तसा. चिंचेपासून खाली मात्र तो एकदम शहाण्यासारखा सरळ रेषेत चालायला लागतो, कारण तिथून पुढं त्याला बहात्तरच्या दुष्काळात माणसांनी खांदलं. पाणी नव्हतं म्हणून नदी खणायची, हा विचार पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आला ते मला माहीत नाही. पण हजारभर माणसं टिकाव-पाट्या घेऊन वर्षभर खपली आणि उस्मानाबादच्या बाहेर, जिथं तेव्हा नुसता माळ होता, तिथं अर्धा मैल नदी तयार झाली. शेवटी एक बंधारा बांधला. त्याच्या खांबांना खाचा ठेवल्या, खाचांत लाकडी फळ्या एकावर एक बसवायच्या, फटींत चिखल भरायचा, की पाणी तुंबतं. पुढच्या वर्षी पाऊस पडला त्या दिवशी सगळी माणसं पेरणीला निघून गेली आणि काम आहे तसं राहिलं. लोक तिला बहात्तरची नदी म्हणतात. दहा वर्षांनी तिच्या काठावर आम्ही कारकून, मास्तर, कंपाउंडर लोकांनी घरं बांधली आणि नदीला आमच्या मोऱ्यांचं पाणी मिळायला लागलं. तेवढाच तिचा बारमाही आधार.

आता ही हकीगत शहाऐंशी सालची. माझे वडील शिवलिंगप्पा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते त्यानंतरच्या माघात गेले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्यानं उगीच आशा धरू नये. मी धरली होती, त्याचं काय झालं तेच सांगायचं आहे.

अण्णा आमच्याकडं राहायला आले ते गाव पाण्यात गेल्यावर. माकणीच्या धरणाच्या पाण्यात जी गावं जाणार होती त्यात आमचंही होतं. गाव उठलं तेव्हा लोकांनी चौकटी काढून नेल्या, खांब नेले, पत्रे नेले, कुणी उंबरासुद्धा नेला. अण्णांनी काहील आणली. गूळ करायची लोखंडी काहील, साडेसहा फूट रुंद, दोन्ही बाजूंना कड्या. ट्रकमधून ती आमच्या दारात उतरली तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं की मी लग्नाच्या जेवणाचा धंदा काढतोय.

तिकडं गावाशेजारच्या तेरणा नदीला पूल नव्हता. पावसाळ्यात नदी भरली की गुऱ्हाळाची काहील पाण्यात घालायची आणि तिच्यात बसून पलीकडं जायचं. सगळा गाव तसाच जायचा, बाळंतिणी जायच्या, नवरदेव जायचे. शाळा पलीकडं, त्यामुळं माझं चौथीपर्यंतचं शिक्षण काहिलीतून झालं. काहिलीला पुढं नाही, मागं नाही; ती नुसती फिरते. म्हणून तिच्यात बसायची एक रीत आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं, वजन सारखं ठेवायचं. मी हलका, म्हणून अण्णा माझ्या बाजूला दोन दगड ठेवायचे आणि गूळ ढवळायच्या लाकडी फावड्यानं पाणी मारायचे. जाताना ते काही बोलायचे नाहीत. नुसते माझ्याकडं बघायचे. दुसरीकडं बघायला जागाच नसायची.

असा माझा बाप माझ्याशी बोलत नव्हता.

कारणही सांगतो, लपवून काय उपयोग. मी भूसंपादनाच्या कार्यालयात कारकून. गाव उठवायच्या नोटिसा छापील होत्या, पण नावं हातानं भरायची होती आणि कार्यालयात अक्षर चांगलं माझं. आमच्या गावची यादी माझ्याच टेबलावर आली. मी साहेबांना म्हणू शकलो असतो की हे गाव दुसऱ्या कुणाला द्या. मी म्हणालो नाही. उलट टाक बदलून घेतला. श्री. शिवलिंगप्पा असं मी निळ्या शाईनं वळणदार लिहिलं आणि खाली रेघ मारली. अण्णांना लिहायवाचायला फारसं येत नव्हतं, पण माझं अक्षर त्यांना ओळखू येत होतं. पाटीवर ते त्यांनीच गिरवून घेतलं होतं.

त्यानंतर भांडण काही झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. ते आमच्या घरी आले, माझ्या हातचं पाणी प्याले, नातवंडांचे लाड केले, पण माझ्याशी बोलायचं झालं की माझ्या बायकोमार्फत. मी शेजारी बसलेला असलो तरी. "उमाबाई, त्याला म्हणावं विडी संपली." मग उमाबाई माझ्याकडं वळून म्हणायची, "अहो, विडी संपली म्हणतायत." मी म्हणायचो, "आणतो म्हणावं." आणि ती परत तिकडं वळायची. सरकारी पत्रव्यवहार याहून जलद चालतो.

त्या वर्षी भाद्रपदात एकच मोठा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी अण्णा काठी टेकत मागच्या दारी गेले आणि बराच वेळ नदीकडं बघत उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "उमाबाई, त्याला म्हणावं, काहील एकदा पाण्यात घालाय पायजे. जायच्या आधी म्या एकदा पलीकडं जाऊन येतो." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या, त्यामुळं जायच्या आधी म्हणजे काय ते मला कळलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली विडीनंतरची ही पहिली गोष्ट. मी मनाशी ठरवलं की जग इकडचं तिकडं झालं तरी अण्णांना काहिलीत बसवायचं, आणि समोर मी बसायचं. समोर बसल्यावर किती वेळ बोलणार नाहीत?

पहिली अडचण काहीलच. ती रिकामी नव्हती. शहरात नळाला पाणी नाही, कॉलनीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, आणि टँकरवाल्याला घागरी-बादल्या भरत बसायचा कंटाळा. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं आमच्या अंगणातली काहील बघितली आणि नळी तिच्यात सोडली. तेव्हापासून आमच्या ओळीतली अकरा घरं काहिलीतून पाणी नेत होती. पाण्यावर तरंगायची वस्तू पाणी पोटात घेऊन अंगणात बसली होती. मी ती मागितली तेव्हा बायका एक झाल्या आणि त्यांच्यात सगळ्यात पुढं माझी बायको.

"घेऊन जा की," उमाबाई म्हणाली. "आणि टँकर आला की पाणी तुमच्या टोपीत भरून घेऊ."

शेवटी असं ठरलं की काहील फक्त एका दिवसासाठी मिळेल, आणि तोही टँकरचा दिवस नको.

दुसरी अडचण पाण्याची. एका पावसाचं पाणी चार दिवसांत निघून जाणार. बंधाऱ्याच्या फळ्या बसवल्या तर टिकणार. फळ्या बसवायच्या म्हणजे संस्थेचा ठराव पाहिजे, आणि ठराव म्हणजे आबाराव.

आबाराव आमचे अध्यक्ष. आयुष्य सहकारात गेलेलं. त्यांच्या घरी संध्याकाळी भाजी कोणती करायची यालासुद्धा सूचक आणि अनुमोदक लागतो म्हणतात. मी त्यांना साधं सांगितलं, वडिलांना एकदा काहिलीत बसवायचंय. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि उघडले तेव्हा त्यांच्यात नौकाविहार दिसत होता.

"महारुद्रराव, एकट्या वडिलांसाठी कशाला? सभासदांच्या आरोग्यासाठी नौकाविहार उपसमिती काढू. उद्घाटन करू. तुमचे वडील बसतीलच की, पहिल्या फेरीनंतर."

तिथंच नको म्हणायला पाहिजे होतं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत मी जे काही नको म्हटलं ते सरकारी कागदावर, खाली साहेबाची सही घेऊन. तोंडानं नको म्हणायची सवयच नाही. मी हो म्हणालो.

उपसमितीची बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं काहिलीला डांबर लावा, कुणी म्हणालं शेंदूर लावा. कंपाउंडर म्हणाले प्रत्येक सभासदाला टायरची ट्यूब द्या. पंचाक्षरी मास्तरांनी लेखी हरकत घेतली. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि रोज सकाळी गच्चीवरून नदीवरचे पक्षी मोजून वहीत मांडायचे. त्यांच्या वहीप्रमाणे नदीवर सदतीस वंचक बगळे, एकोणतीस खंड्या आणि चौदा पाणकोंबड्या होत्या आणि नौकाविहारानं हे सगळं वैभव नष्ट होणार होतं. उमाबाईनं त्यांना विचारलं की मास्तर, एकच वंचक रोज येत असेल तर? मास्तर आठ दिवस आमच्याकडं बोलले नाहीत. मला वाटतं हा विचार त्यांनाही अधूनमधून पडत असावा, आणि वही तशी चालू ठेवणं त्यांना भाग असावं. मोजायला दुसरं काही नसेल तर माणूस काय करणार. डुकरं मात्र खरोखर पुष्कळ होती, ती ते मोजत नसत.

सगळ्यांचे सल्ले मी लिहून घेतले. एक सोडून. सरुबाई पलीकडच्या काठावरच्या बुद्धविहाराशेजारी राहायची. नवरा नाही, थोरला मुलगा पोस्टात, दोन शेळ्या. ही नदी खांदणाऱ्या हजार माणसांत ती होती आणि बंधाऱ्याच्या फळ्या पहिल्यांदा बसवणाऱ्या गँगमध्येही. तिच्याबद्दल पुढं येईल.

फळ्या सरकारच्या, म्हणून परवानगी मागायची. मी अर्ज केला. पहिल्या कार्यालयानं सांगितलं की चिंचेच्या वरचा ओढा आमचा, खालचं आम्हाला माहीत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, खालचं आमचं असतं तर आमच्या नकाशात असतं. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण कारकून होता. मला बाकावर दीड तास बसवून त्यानं फाइल काढली, धूळ झटकली आणि वाचली.

"टंचाई काम क्रमांक सतरा. शेरा, काम अपूर्ण. काम पूर्ण झालेलं नाही म्हणजे नदी अजून झालेलीच नाही. झालेली नाही तिच्या बंधाऱ्याची परवानगी कशी देणार? काम पूर्ण झाल्याचा दाखला आणा."

"दाखला कोण देणार?"

"ज्यांनी काम केलं ते."

"ते तर पेरणीला गेले. तेरा वर्षं झाली."

"मग ते आल्यावर या," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू न देता फाइल बंद केली. हा चेहरा मला ओळखीचा होता. तो मीच रोज करतो. बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूनं केलेला माझा चेहरा मला त्या दिवशी बाहेरून पहिल्यांदा दिसला, आणि खरं सांगतो, घरी जाताना मला स्वतःचीच लाज वाटली. आमच्या गावचे किती लोक माझ्यासमोर असे उभे राहून गेले असतील.

निघताना मात्र त्याला दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "काका, नदीच नाही तर तिच्यात काय करायचं त्याला परवानगी कशाला लागते? करा की. फक्त लेखी मागू नका."

तर फळ्या. त्या ठेवलेल्या सरकारी गोदामात गेलो तर निम्म्याच. उरलेल्या शोधता शोधता असं दिसलं की गेल्या तेरा वर्षांत बंधारा हळूहळू आमच्या कॉलनीत राहायला आला होता. दोन फळ्या संस्थेच्या कार्यालयात बाक म्हणून होत्या. एक पंचाक्षरी मास्तरांच्या पुस्तकांखाली. आबारावांचा झोपाळा म्हणजे दोन फळ्या जोडून. मी जरा चढ्या आवाजात सगळ्यांना सार्वजनिक मालमत्तेचं महत्त्व सांगत होतो, तेवढ्यात उमाबाईनं स्वयंपाकघरातली डबे ठेवायची मांडणी रिकामी केली आणि फळी उचलून माझ्यासमोर आणून टाकली. तिच्या टोकाला लोखंडी कडी होती. चार वर्षं मी त्या कडीला माझी पिशवी अडकवत होतो.

न मागता फळी आणून दिली ती एकट्या सरुबाईनं. तिच्या दारातल्या नालीवर टाकलेली होती, ती डोक्यावर घेऊन आली.

"म्याच बसवली व्हती," ती म्हणाली. "तवा पोटात पोरगं आन् डोस्क्यावर फळी. मजबूत हाय. पर एक सांगते, दादा. ह्या वरच्या कड्या हायत ना, त्येला काय बांधू नगा. कडी फळी उपसायला असती. वरची एक निघाली की खालच्या ऱ्हात न्हायत्या."

मी मान हलवली. माझ्या वहीत तेव्हा एकेचाळीस सल्ले होते आणि बाई काय सांगते ते लिहायला पेन काढावं असं मला वाटलं नाही.

फळ्या बसल्या, चिखल भरला, आणि मध्ये दोन सरी येऊन गेल्यावर पाणी चढायला लागलं. पंधरा दिवसांत कॉलनीच्या मागं कमरेएवढं पाणी उभं राहिलं. माणसं संध्याकाळी काठावर जाऊन बसू लागली. ज्यांची आपसांत बोलणी बंद होती ती शेजारीशेजारी बसून पाण्याकडं बघू लागली. मास्तरांच्या वहीत दोन पक्षी असे आले की त्यांची नावं त्यांना पुस्तकात शोधावी लागली. अण्णा रोज खुर्ची टाकून बसायचे. एकदा उमाबाईला म्हणाले, "पाणी बरं हाय. त्याला म्हणावं, बरं केलं." उमाबाईनं निरोप पोचवला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यालो.

उद्घाटनाला आबारावांनी नानासाहेबांना बोलावलं होतं. नानासाहेब म्हणजे कुठल्याशा दूध संघाचे संचालक, वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी नव्हे, एकाच. रविवारी सकाळी काहील रिकामी करून, घासून, सहा जणांनी उचलून पाण्यात सोडली. तिला झेंडूची माळ घातली होती आणि पोटावर पांढऱ्या रंगानं संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिला होता. अण्णांनी पहाटेच आंघोळ केली होती. कपाळाला विभूती, धुतलेलं धोतर, फेटा, आणि मांडीवर ते गूळ ढवळायचं लाकडी फावडं. ते आठ वाजता खुर्चीत बसले. नानासाहेब साडेदहाला आले. मग सत्कार, मग प्रास्ताविक, मग लाउडस्पीकरवर नानासाहेबांचं सहकार आणि जलसंपत्ती. अण्णा एकदाही मागं टेकले नाहीत. मी दोनदा त्यांच्याजवळ गेलो आणि दोनदा आबारावांनी मला हार कुठं आहेत ते विचारायला बोलावून घेतलं.

काहील फार लांब जाऊ नये म्हणून तिला दोर बांधायचं ठरलं. दोराचं दुसरं टोक कुठं बांधायचं? बंधाऱ्याच्या मधल्या खांबांमधल्या सगळ्यात वरच्या फळीला चांगली लोखंडी कडी होती. माझ्या ओळखीची. मीच बांधलं. सरुबाई पलीकडून हात हलवून काहीतरी सांगत होती. लाउडस्पीकर चालू होता. मला वाटलं, तीही कौतुक करतेय.

नानासाहेब काहिलीत बसले. त्यांच्यासोबत आबाराव बसले. मग आमच्या संस्थेच्या संचालक मंडळातले तिघं, कारण फोटोत सगळे यायला पाहिजेत. आणि फोटोग्राफर काठावरून म्हणाला, सगळे इकडच्या बाजूला सरका. सगळे सरकले.

"उमाबाई," अण्णा म्हणाले, "त्यांना म्हणावं समोरासमोर बसा." उमाबाई कुणाला म्हणणार? काहील एका अंगाला कलली आणि फिरायला लागली. दोराची गाठ तिच्या काठाबरोबर इकडून तिकडं जाऊ लागली. नानासाहेबांनी आबारावांना धरलं, आबारावांनी माळ धरली. बंधाऱ्यावर दहाबारा सभासद उभे होते, त्यांनी एकदिलानं दोर पकडून वर ओढला. सहकाराचं इतकं चांगलं उदाहरण आमच्या संस्थेत आधी किंवा नंतर बघायला मिळालं नाही. कडी ज्या कामासाठी होती ते काम तिनं केलं. माझ्या स्वयंपाकघरातली फळी खाचेतून अलगद वर आली.

मग काय झालं ते सरुबाईनं आधीच सांगितलं होतं. खालच्या फळ्या राहिल्या नाहीत. पंधरा दिवस साठलेलं पाणी पाव तासात निघून गेलं, आणि आवाज असा झाला की लाउडस्पीकर ऐकू येईना. काहील हळूहळू खाली बसत गेली आणि चिखलात टेकली. नानासाहेब उतरले ते गुडघ्यापर्यंत, त्यांचं एक पायताण अजून तिथंच आहे. चिखलात मासे तडफडायला लागले, ते धरायला कॉलनी उतरली, सत्काराच्या शाली माशांनी भरल्या. मग डुकरं आली. पंचाक्षरी मास्तर गच्चीवर उभे होते. त्यांनी वही मिटली आणि आत गेले.

मी बंधाऱ्यावर दोराचं टोक धरून उभा होतो. आबाराव मला बोलले, पण ते दुसऱ्या दिवशी, लेखी. मला काठावर बघवत नव्हतं. आयुष्यात दुसऱ्यांदा मी त्या माणसाचं पाणी घालवलं होतं. पहिल्यांदा धरणापायी जास्त करून आणि आता काढून घेऊन.

बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. अण्णा फावड्याचा आधार घेत चिखलात उतरले होते. उमाबाई मागून हात धरायला धावत होती आणि ते तिला नको म्हणत होते. पोटरीएवढ्या चिखलातून ते एकेक पाऊल उपसत काहिलीपाशी गेले, काठ धरला, एक पाय आत टाकला आणि धापा टाकत बसले. माळ बाजूला सारली. मी पळत गेलो. जवळ गेलो तसं त्यांनी वर बघितलं. उमाबाई दहा हातांवर होती, तिच्याकडं नाही, माझ्याकडं.

"समोर बस," ते म्हणाले. "थांब. आधी दोन धोंडे आण. माझ्या अंगाला ठेव. आता तू जड झालास."

मी दोन दगड आणले. त्यांच्या बाजूला ठेवले. समोर बसलो. माझ्या गुडघ्यांना त्यांचे गुडघे लागत होते, नुसती हाडं. त्यांनी फावडं चिखलात मारलं. काहील हलली नाही. त्यांनी परत मारलं. मग परत. मी काय करणार, काठ धरून बसलो, लहानपणी धरायचो तसा.

फावडं मारता मारता ते म्हणाले, "नोटिशीवर माझं नाव तूच काढलं व्हतंस न्हवं?"

"व्हय, अण्णा."

"अक्षर चांगलं आलतं." त्यांनी श्वास घेतला. "चार वर्सं ह्याच काहिलीतून नेलं तुला साळंला. म्हनलं, पोराचं अक्षर तरी चांगलं येऊ द्या."

चुकलो म्हणायचं होतं, पण ते म्हणायला एवढी वर्षं लावल्यावर तो शब्दही कारकुनी वाटायला लागला होता. मी रडलो. त्यांनी बघितलं आणि फावडं मारत राहिले.

तेवढ्यात रस्त्याकडून हॉर्न वाजला. टँकर. त्याचा दिवस नसताना, रविवारी, आला. काठावर लगेच गडबड झाली. बायका बादल्या घेऊन धावल्या आणि कुणीतरी ओरडलं की काहील आणा, लवकर, तो थांबत नाही. चार माणसं धोतर खोचून चिखलात उतरू लागली.

अण्णांनी मान वळवली नाही.

"त्यांना म्हणावं थांबा," ते मला म्हणाले. "अजून पलीकडं पोचलो न्हाय."

मी काहिलीत उभा राहिलो, तोल सांभाळून, आणि काठावरच्या सगळ्या संस्थेला, अध्यक्षांसकट, मोठ्यानं सांगितलं की थांबा. मग खाली बसलो. टँकरवाला थोडा वेळ हॉर्न वाजवत राहिला आणि शेवटी बादल्या भरायला लागला.